मलकपेठच्या मामीचा तांब्या

समोरच्या माणसाला लघवीला लागली आहे, हे माझ्या मलकपेठच्या मामीला त्या माणसाच्या आधी कळायचं. हसू नका. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. वैशूच्या, म्हणजे मामीच्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला मुलाकडची मंडळी आली होती. मुलाचे वडील भारदस्त गृहस्थ, अंगात सफारी, मिशीला ताजा कलप. मानपानाची यादी ते घोळवून घोळवून सांगत होते आणि सांगता सांगता त्यांनी दोनदा पायावरचा पाय बदलला. मामी चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि ट्रे खाली न ठेवताच म्हणाली, "पाव्हणे, आधी जाऊन या. उजव्या हाताला आहे, दिवा लावलेलाच आहे. चहा मी झाकून ठेवते."

खोलीत अशी शांतता पसरली की खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला कोथिंबिरीचा भाव काय सांगतोय ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मामानं कपाळाला हात लावला. सफारीतले गृहस्थ लालबुंद झाले, उठले आणि गेले. परत आले ते इतके निवळून की मानपानाची उरलेली यादी त्यांनी वाचलीच नाही. वैशूचं लग्न त्या उजव्या हाताच्या दारामागेच ठरलं, असं माझं आजही ठाम मत आहे.

ही विद्या मामी माहेरून घेऊन आली नव्हती. ती शिकली आबांपायी. आबा म्हणजे तिचे सासरे, माझ्या आईचे वडील. उदगीरकडचं शेत भावांवर सोपवून तरुणपणी हैदराबादेत आले, मलकपेठच्या बाजारात कांद्याची आडत टाकली आणि उरलेला जन्म कांद्यासारखेच राहिले: जवळ जाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. घरात शिरण्याआधी ते जिन्यात खाकरायचे. एक खाकरणं म्हणजे सुनेनं पदर घ्यावा. दोन म्हणजे पाणी तापवावं. तिसऱ्या खाकरण्याची वेळ कोणी येऊ दिल्याचं मला आठवत नाही.

मामी या घरात आली आणि पंचवीस वर्षं सासऱ्यांशी समोरासमोर एक वाक्य बोलली नाही. भांडण नव्हतं, रीतच तशी होती. आबांना काही सांगायचं असेल तर ते भिंतीवरच्या घड्याळाला सांगत, "आज कालवणात मीठ कमी हाय." मामी दाराआडून त्याच घड्याळाला उत्तर देई, "उद्या नीट पडेल." त्या घड्याळानं पंचवीस वर्षं सासऱ्या-सुनेचा निरोप्या म्हणून नोकरी केली. सुट्टी नाही, पगार नाही, आणि मध्ये दोन वर्षं तर ते बंदही होतं.

मग आबांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग बाजारातून घरी यायचा रस्ता गेला. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असं नाव सांगितलं. पण नाव कळून सोफा सुकत नाही. आबांचं धोतर ओलं व्हायला लागलं, मग सोफा, मग गादी. माझा मामा वीज खात्यातला. अकरा हजार व्होल्टच्या तारेखाली डबा उघडून जेवणारा माणूस. तो वडिलांचं ओलं धोतर पाहून गच्चीवर पळायचा. "अगं, मला उमळतं गं," असं वरून सांगायचा. मामी खालून म्हणायची, "तिथंच थांबा. दोघांचं मला झेपायचं नाही."

एकदा मामीला आबांच्या पेटीत, लग्नातल्या फेट्याखाली, चार ओली धोतरं घडी घालून ठेवलेली सापडली. कांद्याच्या आडतीवर अख्ख्या बाजाराला दरडावणारा माणूस आपली धोतरं लपवत होता. मामीनं ती धुतली, वाळवली, इस्त्री केली आणि त्याच पेटीत, त्याच फेट्याखाली परत ठेवली. मामा म्हणाला, "अगं, त्यांना सांग की, लपवू नका म्हणून." मामी म्हणाली, "लपवतात म्हणजे त्यांना कळतंय. ज्याला कळतंय त्याच्यापुढे बोभाटा करायचा नसतो."

खरा प्रसंग एका दुपारी आला. मामा कामावर, वैशू कॉलेजात, आणि आबा दाराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे. धोतरातून पाणी निथळतंय. पुढचं मामीच्याच शब्दांत, कारण ती हे सांगताना उठून उभी राहायची आणि दोघांच्याही भूमिका करायची. "सतीश, मी दारात उभी राहिले. घड्याळाकडे बघितलं. म्हटलं, बोल बाबा तूच. आता घड्याळ येणार होतं का धोतर बदलायला? मग घेतला पदर आणि खोचला कमरेला." डोक्यावरचा तो पदर कमरेला गेला, तो परत डोक्यावर चढला नाही. आणि पंचवीस वर्षांत सुनेनं सासऱ्यांना तोंडावर म्हटलेलं पहिलं वाक्य होतं, "मामंजी, धोतर सोडा."

आबांनी ते बहुधा आश्चर्यानंच सोडलं असावं. मामीनं मान वळवून चादर आडवी धरली, कोमट पाण्यात पिळलेला पंचा हातात दिला, कोरडं धोतर दिलं. "जे त्यांना स्वतःला करता येतं ते मी कामून करू?" असं ती म्हणायची. त्या दिवसापासून आणखी एक रीत उलटी झाली. आबा बाथरूममध्ये असले की मामी दाराबाहेर उभी राहून खाकरायची आणि मगच आत जायची. एक खाकरणं म्हणजे मी येते आहे. आयुष्यभर जिन्यात खाकरलेल्या त्या माणसाला ही भाषा मात्र शेवटपर्यंत बरोबर कळली.

हे सगळं पहिल्या झटक्यात जमलं असं समजू नका. मामीच्या चुका तिनंच मला सांगितल्या आहेत, तेही पुराव्यासकट. डायपर आणले तर आबांनी खिडकीत बसून एकेक सोलला, आतला कापूस बोटांत चोळून पाहिला आणि निकाल दिला, "यंदाचा कापूस लई हलका हाय." मग नांदेडची मावशी आली. ही मामाची थोरली बहीण, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नावर तिच्याकडे उत्तर तयार. ती म्हणाली, "वहिनी, पाणीच बंद करा. वरून घातलं नाही तर खालून येईल कुठनं?" हिशेब बिनतोड वाटला. चार दिवस आबांना मोजून चार घोट पाणी मिळालं. पाचव्या दिवशी आबा तापानं फणफणले, बडबडायला लागले, धोतर तर आधीपेक्षा दुप्पट भिजायला लागलं. कोठी भागातल्या दवाखान्यात नेलं. तिथले म्हातारे डॉक्टर आमच्याकडच्या खास दखनीत मामीवर कडाडले, "पानी बंद करे? कौन बोला तुमकू? लघवी में इन्फेक्शन हुआ इनकू, उसीच से बुखार चढा. पानी दिनभर पिलाओ, बस सोने के पहले जरा कम. और एकदम ज्यादा बिघडे तो घर में दिमाग नक्को लडाओ, सीधा मेरे पास लाओ!" मामी घरी आली, आबांपुढे पाण्याचा जग ठेवला आणि नांदेडला फोन लावला, "वन्सं, तुमचा उपाय दवाखान्यात जमा करून आले."

आणि तिच्या सगळ्यात मोठ्या चुकीचा पुरावा म्हणजे तिच्या पितळी तांब्याला पडलेला पोचा. पण आधी तांब्याची गोष्ट सांगायला हवी.

आबा सारखे स्वयंपाकघरात यायचे. भांडी हाताळायचे, पेला उचलून ठेवायचे, वाटी उचलून ठेवायचे. घरातल्या सगळ्यांना वाटायचं, तहान लागली. पाणी दिलं की ते घ्यायचे, पण प्यायचे नाहीत. पेला हातात धरून बाल्कनीकडे निघायचे, आणि मग कोपऱ्यात नको तो प्रकार व्हायचा. एका सकाळी तर ते घरातच सापडेनात. मामी जिना उतरते तोवर जवळच्या रेसकोर्सचा चौकीदार त्यांना हाताला धरून घेऊन आला. "अम्मा, ये बडे साब तुम्हारेच हैं ना? घोडों के मैदान में जाना बोल रहे. और हात में देखो, दूध का पतीला!" अर्धा लिटर दूध घेऊन आबा रेसकोर्सवर निघाले होते. गल्लीतल्या पोरासोरांना महिनाभर पुरेल एवढा विनोद झाला. आबांनी कुठल्या घोड्यावर पैज लावली हे मीही फोनवर विचारून घेतलं.

मामी मात्र हसली नाही. तिनं आबा उभे कसे आहेत ते पाहिलं. उजव्या हातात पातेलं, डाव्या हातात वर धरलेला धोतराचा सोगा, नजर लांब हिरवळीवर. मामीही खेड्यातलीच लेक. पहाटे गावाबाहेर निघालेले बापे तिनं लहानपणी शंभरदा असेच पाहिले होते, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. "सतीश, माझ्या अंगावर काटा आला," ती म्हणाली. "ह्या माणसाला तहान लागलेलीच नाही. हा माणूस चांगला शहाण्यासारखा परसाकडे निघालाय. त्याला तांब्या सापडेना आणि रान सापडेना. आणि आपण सगळे शहाणे त्याला वरून पाणी पाजतोय!"

त्या दुपारी माळ्यावरचा पितळी तांब्या खाली आला. चिंचेनं घासला गेला. बाथरूममधल्या पांढऱ्या फरश्यांवर मामीनं स्वतः स्टुलावर चढून हिरवा ऑइलपेंट फासला. तो इतका हिरवा होता की पहिल्या दिवशी मामा दार उघडून तसाच मागे फिरला. पांढऱ्या कमोडवर लाल सीट आली, कारण पांढऱ्यावर पांढरं आबांना दिसतच नव्हतं. कोपऱ्यात गवती चहाची कुंडी. आबा रोज आत जाऊन लगेच बाहेर यायचे आणि अदबीनं सांगायचे, "आत माणूस हाय." तो माणूस आरशातला आहे हे मामीच्या लक्षात आलं, आणि आरशावर कायमचा टॉवेल पडला. मामानं पुढे तीन वर्षं बाथरूमबाहेर अंदाजानं दाढी केली. हनुवटीखाली नेहमी एक पट्टा राहून जायचा.

मग दर दोन तासांनी तांब्या. निरोप्या घड्याळाला एव्हाना नोकरीतून मोकळं केलेलं होतं. मामीचं घड्याळ वेगळंच होतं. पहाटेची अजान झाली की तांब्या. दूधवाला गेला की तांब्या. जेवणानंतर, बाजारातल्या ट्रका निघाल्या की, दिवेलागणीला, आणि झोपताना. "लागली का?" असं तिनं कधीच विचारलं नाही. कारण त्या प्रश्नाला आबांचं उत्तर ठरलेलं होतं: नाही. ती फक्त समोर उभी राहून सांगायची, "मामंजी, तांब्या भरून ठेवलाय." आबा तांब्या उचलायचे, सोगा सावरायचे आणि पाटलासारखे निघायचे. गवती चहाच्या पातीला हात लावायचे. नाडीचा लेंगा, बटणांची पँट असले सगळे प्रकार मामीनं आधीच बाद केले होते. धोतरासारखं दुसरं वस्त्र नाही, म्हणायची, ओढलं की मोकळं. पलंगावर मेणकापड आणि वर सुती चादर, उशाशी दुसरं धोतर. आठवड्यात एकदोनदा चुकायचंच. ती म्हणायची, "शेतात तरी सगळं बी उगवतं का?"

आता पोचा. एकदा आबांनी एका सकाळीच तीन धोतरं भिजवली. चौथं नेसवताना मामीच्या तोंडून गेलं, "लाज कशी वाटत नाही तुम्हाला!" आणि तिनं तांब्या फरशीवर आपटला. आबा लहान मुलासारखे रडायला लागले. मामी जिन्यात जाऊन बसली आणि तीही रडली. तासाभरानं उठली, तांब्या उचलला. कुणीतरी कासाराकडून तो पोचा काढून आणू म्हणालं. ती नको म्हणाली. "राहू द्या. तो माझ्या जिभेचा आहे." पुढे दुपारी दोन तास शेजारच्या बाईंना तिनं कामाला लावलं आणि स्वतः दार लावून झोपायला लागली. "मी पडले तर तांब्या कोण भरणार?" असं विचारायची.

अशात वैशूचं लग्न आलं. नांदेडची मावशी आठ दिवस आधीच दाखल झाली आणि तिनं बैठक बोलावली. "आबांना त्या दिवशी घरी ठेवा. एक बाई लावा, बाहेरून कडी घाला. चारशे माणसं येणार, भर मांडवात काही झालं तर लेकीला सासरी जन्मभर ऐकावं लागेल." मामा खाली बघत म्हणाला, "ताई म्हणते ते... म्हणजे आबांनाच त्रास..." आबा खिडकीत बसून रस्ता बघत होते. वैशूचे डोळे भरले. तिला शाळेत सोडायला रोज आबाच जायचे. मामीनं गव्हाचं ताट खाली ठेवलं. "मामंजी मांडवात बसतील. धोतरात आणि फेट्यात. कोरडे. कडी घालायचीच असेल तर मला घाला, मी घरी बसते." बैठक संपली.

तिनं तयारी अशी केली की मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींनी शिकावं. लग्नाआधी तीनदा ती आबांना रिक्षात घालून हॉलवर घेऊन गेली, नुसती खुर्चीपासून बाथरूमपर्यंतची चाल पाठ करून घ्यायला. गवती चहाची कुंडी हॉलच्या बाथरूममध्ये जाऊन बसली. आत आरशाला टॉवेल, दिवा चालू. पिशवीत दोन धोतरं. त्या दिवसापुरता धोतराखाली डायपर बांधायचाही तिनं प्रयत्न केला, पण आबांनी सकाळीच त्याचा कापूस तपासून हॉलभर वाटला. उरलो मी. माझं काम असं: भरलेला तांब्या घेऊन आबांच्या खुर्चीमागच्या खांबाशी उभं राहायचं आणि मामीनं खूण केली की पुढे व्हायचं. चाळिशीचा, पोट सुटलेला, नव्या कुर्त्यातला मी पितळी तांब्या घेऊन खांबाशी उभा. येणारीजाणारी मंडळी तो लग्नातला कुठलातरी विधी समजू लागली. एका आजींनी तांब्याला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या बाईंनी आंब्याची पानं खोचली. मी काही बोलायच्या आत तिसरीनं वर नारळ ठेवून नमस्कारसुद्धा केला. मी आता हलूही शकत नव्हतो.

आणि वरात चादरघाटच्या पुलावर अडकली. दोन तास उलटले. मामी आरतीचं ताट घेऊन हॉलच्या दारात, मी खांबाशी, आबा खुर्चीत. मामीनं लांबूनच आबांकडे पाहिलं. त्यांनी सोगा चाचपला होता. नेमकी त्याच वेळी वरात फाटकात आली, मर्फावाले ढोल गळ्यात अडकवून सज्ज, नवरदेव घोड्यावर, पुढे सफारी सोडून शेरवानीत आलेले व्याही. बाथरूमची वाट दारावरूनच जात होती. मामीनं आरतीचं ताट सरळ मावशीच्या हातात कोंबलं, आबांपाशी आली आणि म्हणाली, "मामंजी, तांब्या भरलाय. चला."

आम्ही निघालो. पुढे फेटा बांधलेले आबा, बाजूला वधूची आई, मागे नारळाचा कलश घेतलेला मी. मर्फावाल्यांना वाटलं, व्याह्यांच्या स्वागताला कुलवृद्ध निघाले. त्यांनी सगळे ढोल एकदम बडवले.

आबा जागीच थबकले. दोन्ही हात कानांवर गेले. आणि मी पाहिलं, धोतराच्या पुढच्या निऱ्यांवर एक डाग पसरत होता. चारशे माणसं, फोटोवाला, व्हिडिओवाला, सगळे आमच्याकडे तोंड करून. एक क्षण, जास्तीत जास्त दोन.

मामीनं माझ्या तांब्यावरचा नारळ उचलून समोरच्या व्याह्यांच्या हातात दिला. तांब्या घेतला. आणि ठेच लागल्यासारखी झुकून तो अख्खा तांब्या आबांच्या धोतरावर आणि स्वतःच्या पैठणीवर कलंडवला. आंब्याची पानं, हळद, कुंकू, सगळं दोघांच्या अंगावर. "अगं बाई गं!" मामी ओरडली. आमच्या घराण्यात असा अभिनय पुन्हा झाला नाही. "माझ्या हातून सांडलं!"

ढोल थांबले. लोक हसले. मावशी ताट सावरत कडाडली, "वहिनी, डोळे फुटले का तुमचे? भर मुहूर्ताला म्हाताऱ्या माणसाला भिजवलंत!" बायकांत कुजबुज सुरू झाली, वधूची आई अगदीच वेंधळी. मामी मान खाली घालून सगळं ऐकून घेत होती, आणि मला वाटतं, मनातून खूष होती.

तेवढ्यात आबा खाकरले. जिन्यातलं ते जुनं खाकरणं. त्यांनी आपल्या भिजलेल्या धोतराकडे पाहिलं, मामीच्या भिजलेल्या पैठणीकडे पाहिलं, आणि मग समोर, घड्याळाकडे नाही, माणसांकडे बघून म्हणाले, "पाणी हाय, सांडतं. आमच्या सूनबाईला कुणी बोलायचं नाही."

मावशी ताटातली विझलेली निरांजनं पुन्हा लावायला लागली. आणि नारळ हातात धरून उभे असलेले व्याही एक पाऊल बाजूला सरकले, मामीच्या कानाशी झुकले आणि हळूच म्हणाले, "विहीणबाई, उजव्या हाताला आहे ना? दिवा लावलेलाच असेल. नवरदेवाला मी झाकून ठेवतो."

दहा मिनिटांनी आबा कोऱ्या धोतरात मांडवात येऊन बसले. शेवटपर्यंत बसले. अक्षता नवराबायकोवर कमी आणि समोरच्या टक्कलवाल्या पाहुण्यावर जास्त टाकल्या, पण कोरडे बसले. लग्नाच्या व्हिडिओत तो सांडण्याचा प्रसंग आहे. वैशू अजून तो लावून रडते आणि तिचा नवरा लावून हसतो.

त्यानंतर दीड वर्षानं आबा गेले, आपल्या पलंगावर, धुतलेल्या चादरीवर. तेराव्याला त्यांच्या वस्तू देऊन टाकल्या. तांब्या मामीनं दिला नाही. तो पोच्यासकट देवघराशेजारी राहिला.

मग पाळी माझी आली. माझी आई चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. हैदराबादेतच गौलीगुड्यात आम्ही दोघंच. तिला माझं नाव आठवेनासं झालं आणि पाठोपाठ तिची साडी ओली व्हायला लागली. मी मोठा अनुभवी माणूस! नारळासकट तांब्या पेलला होता मी. मामीला फोन लावला. "मामी, आईसाठी तुझा तो तांब्या पाठव. बाथरूम उद्याच हिरवं करतो."

मामीची तब्येत तेव्हा उतरली होती, आवाज बारीक झाला होता, पण दम तोच. "सतीश, तुझी आई शेतावर गेली होती का कधी? मास्तरीण ती. ती कामून शोधेल तांब्या? रंगाचा डबा ठेव खाली. दोन दिवस काही करू नको. नुसतं बघ, ती काय शोधते."

मी बघत बसलो. आई दर थोड्या वेळानं खोलीच्या दाराशी येऊन तळहात पुढे करायची. मी त्या हातावर आतापर्यंत बिस्किट ठेवलं होतं, गोळी ठेवली होती, टीव्हीचा रिमोट ठेवला होता. ती ते बघायची, वैतागायची, आणि मग उशीर झालेला असायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती असाच हात पुढे करून माझ्याकडे नाही, तर चौकटीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होती. आणि मला आमची शाळा दिसली. मीही तिथंच शिकलो होतो. बाईंच्या खोलीच्या दाराशी एक खिळा होता, आणि त्याला लाकडी ठोकळा बांधलेली एक किल्ली टांगलेली असायची. बाईंच्या बाथरूमची. तासाची घंटा झाली की बाई हात पुढे करायच्या आणि शिपाईमावशी किल्ली काढून द्यायची.

मी जुन्या कुलपाची एक किल्ली शोधली, मोडक्या लाटण्याचा तुकडा तिला बांधला आणि खिळ्याला टांगली. दोन तासांनी दाराशी उभा राहून म्हणालो, "बाई, किल्ली." आईनं ती घेतली, पदर सावरला आणि माझ्याकडे न बघता तडक बाथरूमकडे गेली. परत येऊन किल्ली खिळ्याला लावली. साडी कोरडी. मी तिथंच दारात उभा राहून रडलो असेन थोडा, पण ते महत्त्वाचं नाही.

मी लगेच मामीला फोन लावला आणि सगळं रंगवून सांगायला लागलो, खिळ्यापासून लाटण्यापर्यंत, मध्ये शिपाईमावशीचा आवाजही काढला. मामी ऐकत होती, मध्येच हसत होती. त्यानंतर महिन्याभरातच ती गेली, त्यामुळे तिचं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं. मी म्हणालो, "मामी, तुझ्यामुळे जमलं गं."

"हौ, जमलं," ती म्हणाली. "पण किती वेळ बोलतोयस बाबा? आता फोन ठेव आणि आधी आईला किल्ली दे."

मी वळून पाहिलं. आई दारात हात पुढे करून उभी होती.